गाणं, बेट आणि मागे राहिलेली ती

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. हॉलमध्ये जुना पेपर पसरून मी मेथीची जुडी निवडत बसले होते आणि चिरंजीवांनी मोबाईल टीव्हीला जोडून गाणी लावली होती. गिटारचा क्लास लावल्यापासून आमच्याकडे सकाळी भूपाळीऐवजी इंग्रजी धडधड असते. मी सवयीने म्हटलं, "अरे, आवाज जरा बारीक कर. शेजारचे आजोबा आजारी आहेत."

आवाज बारीक झाला. पण तो म्हणाला, "आई, एवढं एक बघ ना. तुला आवडेल."

पडद्यावर भलंमोठं मैदान होतं. वर उघडं आभाळ आणि खाली माणसंच माणसं. कुंभमेळ्यात शाहीस्नानाच्या दिवशी रामकुंडावर असते तशी गर्दी. आणि एवढ्या अवाढव्य स्टेजवर एकच सावळी, तरुण मुलगी! दागिना नाही, नट्टापट्टा नाही, मागे नाचणारं कोणी नाही. हातात गिटार घेऊन ती आपली शांतपणे गात होती. शब्द मला फारसे कळले नाहीत, पण मेथी हातातच राहिली.

"कोण रे ही?"

"ट्रेसी चॅपमन. आणि आई, हा अख्खा कार्यक्रम तुरुंगातल्या एका माणसासाठी होता."

मग त्याने जी गोष्ट सांगितली, ती मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगते. ११ जून १९८८. लंडनचं वेम्बली स्टेडियम. समोर ७२ हजार माणसं आणि टीव्हीवर साठाहून जास्त देशांतले प्रेक्षक. निमित्त होतं नेल्सन मंडेलांच्या सत्तरीचं. वाढदिवस खरा १८ जुलैचा, पण साजरा केला महिनाभर आधी. दुपारपासून रात्रीपर्यंत एकामागून एक गायक येत होते. स्टिंग, व्हिटनी ह्यूस्टन, डायर स्ट्रेट्स... ही नावं मी चिरंजीवांकडून लिहूनच घेतली. आणि ज्याचा वाढदिवस, तो माणूस मात्र तिथून हजारो मैलांवर गजाआड! त्याला तुरुंगात जाऊन २५ वर्षं उलटून गेली होती. त्याचे नवे फोटो छापायलाही त्याच्या देशात बंदी होती, त्यामुळे तो आता दिसतो कसा, हे त्या ७२ हजारांतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या ट्रेसीचीही गंमतच. तिची गाणी खरं तर दुपारीच होऊन गेली होती. संध्याकाळी स्टीव्ही वंडर हा नामवंत गायक येणार होता. पण त्याच्या वाद्याची संगणकातली डिस्कच सापडेना आणि तो स्टेजवर जायला तयार होईना. पानं मांडलीत, पाहुणे बसलेत आणि आयत्या वेळी श्रीखंडाचं भांडं पालथं झालं, तर आपली जी अवस्था होईल ती आयोजकांची झाली. तेव्हा या नवख्या मुलीला पुन्हा उभं केलं. तिची पहिली रेकॉर्ड बाजारात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्या संध्याकाळनंतर तिला साऱ्या जगाने ओळखलं. स्टीव्ही वंडरनेही नंतर येऊन गाणी म्हटलीच.

हा कार्यक्रम सगळ्यांना रुचला होता असं मात्र नाही. इंग्लंडमधल्या काही खासदारांनी तो दाखवायलाच विरोध केला होता. अमेरिकेत ज्या वाहिनीने तो दाखवला तिने राजकारणाची वाक्यं बरीचशी कापून टाकली. म्हणजे गाणं ऐका, पण ते कशासाठी आहे ते ऐकू नका!

दीड-पावणेदोन वर्षांनी, ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटले. ते काही गाण्यामुळे सुटले नाहीत. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं रक्त सांडलं होतं, जगाने व्यापार थांबवला होता. पण एप्रिलमध्ये ते त्याच वेम्बलीच्या स्टेजवर येऊन उभे राहिले, तेव्हा लोकांच्या टाळ्या थांबेचनात. आपल्या देशाने त्यांना त्याच वर्षी भारतरत्न दिलं, हे तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल.

"पण होते कुठे ते एवढी वर्षं?" मी विचारलं.

"एका बेटावर. रॉबेन आयलंड. म्हणजे २७ पैकी १८ वर्षं बेटावर, पुढची दुसऱ्या तुरुंगात."

बेट म्हटल्यावर मला काय आठवणार? अंदमान! आणि नाशिककरणीला अंदमान म्हटलं की तिळभांडेश्वर गल्ली आठवणारच.

तुरुंगासाठी बेट निवडायची ही युक्ती तशी फार जुनी. भिंतीचा खर्च वाचतो, समुद्रच भिंत होतो. रॉबेन बेटावर डच लोक सतराव्या शतकापासून नकोशी माणसं नेऊन टाकत. पुढे तिथे महारोग्यांनाही ठेवलं. नेपोलियनला इंग्रजांनी सेंट हेलेना बेटावर ठेवलं आणि तो तिथेच वारला. फ्रान्सने ड्रायफस नावाच्या निरपराध लष्करी अधिकाऱ्याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर चार वर्षं एकटं ठेवलं. त्याच्या बायकोने, ल्युसीने, मलाही तिथे राहू द्या असा अर्ज केला होता. तो नाकारला गेला.

आपल्याकडे १८५७ चं बंड मोडल्यावर पुढच्याच वर्षी, मार्च १८५८ मध्ये कैद्यांचं पहिलं जहाज अंदमानला लागलं. समुद्र ओलांडला की जात गेली, धर्म गेला अशी त्या काळची समजूत. त्यामुळे 'काळं पाणी' ही शिक्षा शरीराला होती त्याहून मनाला जास्त. एक गोष्ट आपल्या पुस्तकांत सहसा नसते. तिथे बायकाही कैदी म्हणून गेल्या होत्या. पोर्ट ब्लेअरला साउथ पॉइंटला त्यांचा वेगळा तुरुंग होता. काही वर्षं नीट वागून काढली की त्यांना तिथल्याच कैद्याशी लग्न करायची परवानगी मिळे. जात, भाषा, प्रांत बघायला तिथे कोण होतं? त्यांची लेकरंबाळं म्हणजे आज तिथे असलेली कितीतरी घरं.

यजमानांच्या एलटीसीवर काही वर्षांपूर्वी आम्ही अंदमान बघून आलो. सोबत मोठ्या जाऊबाई होत्या. तेव्हा गावाचं नाव पोर्ट ब्लेअर होतं, २०२४ पासून ते श्री विजयपुरम् झालंय. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत कैद्यांच्याच घामातून उभं राहिलं. मधे मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती. आता तीनच उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर नजरानजरही व्हायला नको. कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. आपल्या चाळीतलं स्वयंपाकघर असतं तेवढीच की! झरोका हात पोचणार नाही इतका वर. राजबंद्यांना कोलूला जुंपत आणि दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायला लावत. तो कोलू बघून जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, बैलालाही मधे पाणी दाखवतात."

मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार नावं कोरलीत. बंगाल आणि पंजाबच्या याद्या केवढ्या लांब! आम्ही दोघी बोट फिरवत मुंबई प्रांताच्या पाटीशी आलो आणि आपल्या मातीतली नावं वाचताना घसा दाटून आला. पण बाहेर पडल्यावर बाकावर बसून पाणी पिताना जाऊबाईंनी विचारलं, "यांच्या घरी ज्या वाट बघत बसल्या, त्यांची पाटी कुठे असते गं?"

आता येते नाशिकला. १९०० साली या गावात सावरकर बंधू आणि त्यांच्या मित्रांनी मित्रमेळा काढला. नाव मेळा, कारण गणेशोत्सवात मेळ्याची गाणी म्हणायची. वरवर पाहता भजन-पोवाडे आणि आत स्वातंत्र्याचा विस्तव. ही गाणी लिहिणारे आबा दरेकर, म्हणजे स्वातंत्र्यकवी गोविंद, दोन्ही पायांनी अधू होते. पण त्यांचे शब्द चौकाचौकांत पोचत. लाऊडस्पीकर नाही, वीज नाही. उघड्यावर पोरं उभी राहायची, खड्या आवाजात गायची आणि पेठ गोळा व्हायची. वेम्बली आत्ता आलं हो, आमच्या नाशकात ते आधीच होऊन गेलं!

आणि त्या गाण्यांची किंमत? थोरले बंधू बाबाराव सावरकरांनी कवितांची एक छोटीशी पुस्तिका छापली. तेवढ्यावर राजद्रोह आणि सरकारविरुद्ध युद्धाची चिथावणी ठरली. जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची सजा झाली. वेम्बलीला गाण्यांनी एका माणसासाठी दार ठोठावलं होतं. इथे गाण्यांनीच एका माणसाला दाराआड नेलं. पुढचं तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. डिसेंबर १९०९ मध्ये विजयानंद थिएटरात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे या कोवळ्या मुलाने गोळ्या झाडल्या. एप्रिल १९१० मध्ये कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याला फासावर गेले. धाकट्या नारायणरावांनाही तुरुंग दिसला. मधले विनायकराव लंडनला पकडले गेले, त्यांना दोन जन्मठेपा झाल्या आणि ४ जुलै १९११ ला तेही अंदमानात पोचले. दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात, पण बोलायची बंदी. घरी वर्षाकाठी एक पत्र.

सावरकरांच्या राजकारणावर आजही घराघरांत वाद होतात. आमच्या घरी तर जेवणाच्या टेबलावर होतात. तो वाद इथे नको. मला सांगायचंय ते येसूवहिनींविषयी.

येसूवहिनी म्हणजे बाबारावांच्या पत्नी. माहेर त्र्यंबकेश्वरचं. सासू आधीच गेलेली, सासरे १८९९ च्या प्लेगात गेले आणि संसार कळायच्या वयात त्या दिरांच्या आई झाल्या. विनायकराव तर वयाने त्यांच्या जवळपास बरोबरीचे. ते लंडनला गेल्यावर बाबारावांना शिक्षा झाल्याची बातमी तिकडे कळली, तेव्हा त्यांनी 'सांत्वन' ही कविता लिहून पाठवली ती वहिनींना. पुढे स्वतः ब्रिक्स्टनच्या तुरुंगात असताना 'माझे मृत्युपत्र' लिहिलं, तेही वहिनींनाच उद्देशून. या कविता आपल्याला दिराच्या म्हणून माहीत आहेत. पण त्या कोणाच्या हातात पडल्या, कंदिलापाशी बसून कोणी वाचल्या, याचा विचार आपण कितीदा करतो?

त्या नुसत्या वाट बघत बसल्या नाहीत. नाशकातल्या बायकांना जमवून त्यांनी 'आत्मनिष्ठ युवती संघ' काढला. स्वदेशी वापरायचं, 'केसरी' वाचायचा, आबांची गाणी पाठ करायची. ज्या काळात चारचौघांत नवऱ्याशी बोलणं म्हणजे आगाऊपणा, त्या काळात हे! आपल्या महिला मंडळांनी खरं तर या संघाचा फोटो लावायला हवा.

आणि मग घरावर जप्ती आली. भांडीकुंडीसुद्धा गेली असं सांगतात. राजद्रोह्याच्या बायकोला जागा कोण देणार? ज्या घरांत पूर्वी पाटावर बसवून हळदीकुंकू दिलं असेल, त्यांतल्या कितीतरी घरांची दारं पोलिसांच्या धाकाने लागली. मी त्या लोकांना नावं ठेवत नाही. पण तिळभांडेश्वर गल्लीतून जाताना, अभिनव भारत मंदिरापाशी, दरवेळी मला वाटतं की ही बाई याच फरशीवरून खाली मान घालून गेली असेल आणि वरच्या खिडकीतून कोणीतरी पडदा ओढला असेल.

तिकडे विनींचीही तीच कथा, नुसतं साल वेगळं. मंडेला रॉबेन बेटावर गेले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत एक भेट आणि एक पत्र. केपटाउनहून बोटीने जायचं, काचेआडून अर्धा तास बोलायचं, पहारेकरी उभेच. बोलायचं ते इंग्रजीत किंवा आफ्रिकान्समध्ये, आपल्या मायबोलीत नाही. घरच्यांखेरीज दुसरा विषय निघाला की भेट बंद. दोन वर्षांच्या वरच्या आणि सोळाच्या आतल्या मुलांना नेता येत नसे, म्हणजे बाप बघायला लेकींनी मोठं व्हायचं. विनींना स्वतःलाही वर्षाहून जास्त तुरुंगात टाकलं होतं. मंडेलांची आई १९६८ मध्ये गेली, पुढच्या वर्षी थोरला मुलगा अपघातात गेला, दोन्ही वेळा मातीला जायला त्यांना सोडलं नाही. नवऱ्याच्या हाताला हात लावायला विनींना १९८४ साल उजाडावं लागलं. पुढे विनींच्या वागण्यावर फार टीका झाली, ती अकारण नव्हती आणि ते लग्नही टिकलं नाही. तरी ती २० वर्षं कोणी भरून देणार नव्हतं.

येसूवहिनींच्या वाट्याला तर काचेआडची भेटही आली नाही. अंदमानला जाऊन पतीला भेटण्यासाठी अर्जामागून अर्ज झाले. मे १९१९ मध्ये परवानगी मिळून विनायकरावांच्या पत्नी माई आणि डॉ. नारायणराव बोटीने गेले. आठ वर्षांनी आपलं माणूस दिसत होतं. पण वहिनी कुठे? त्या तेव्हा या जगात नव्हत्या. परवानगीचा कागद पोचण्याआधीच, त्याच वर्षी त्या गेल्या होत्या. बाबाराव १९२१ मध्ये अंदमानातून परत आणले गेले आणि १९२२ मध्ये सुटले, तेही आजारपणाने खंगल्यावर. उंबऱ्यात उभं राहणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

हे सगळं मी चिरंजीवांना सांगितलं. तो गिटार मांडीवर ठेवून ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "मग आई, आपल्या मागच्या गल्लीतल्या काकूंचं पण तसंच ना?"

मी गप्प झाले. आमच्या मागच्या गल्लीत एक घर आहे. तिचा नवरा दोन वर्षांपासून कच्चा कैदी आहे. कशात, ते मी लिहीत नाही. हा काही देशभक्तीचा खटला नाही, आणि गुन्हा केला असेल तर शिक्षा व्हावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिने काय केलंय? ती पोळ्या लाटायची कामं करते, दोन मुली शाळेत धाडते. मी स्वतःला सामाजिक कार्यकर्ती म्हणवते, रेशन कार्डापासून निराधार पेन्शनपर्यंत बायकांचे फॉर्म भरून देते. तिचा भेटीचा नंबरही हल्ली ऑनलाइन लावावा लागतो, तो मीच मोबाईलवरून लावून देते. एकदा तिच्याबरोबर रांगेतही उभी राहिले. उन्हात, नव्वद टक्के बायका, कडेवर मुलं, पिशवीत आधार कार्डाच्या झेरॉक्स. आत जायच्या आधी तिने केसांवरून हात फिरवला आणि पर्समधून टिकली काढून लावली. ते मी बघितलं होतं.

पण गेली दोन वर्षं आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. यादी मीच करते. कोणी मला सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नव्हतं. मी आपणहून गाळलं होतं. कोणी कुजबुजेल, तिलाच अवघडल्यासारखं होईल, अशी कारणं मनाशी दिली होती. येसूवहिनींच्या खिडकीतला पडदा ओढणारीनेही हेच म्हटलं असेल.

यंदा यादी केली तेव्हा नाव लिहिलं. बैठकीत एक जण म्हणालीच, "तिला कशाला? उगाच चर्चा होईल." मी म्हटलं, "होऊ दे. मी जाऊन बोलावणार आहे." बाकीच्या काही बोलल्या नाहीत. एकीने तेवढं विचारलं, "मुलींनाही आणू दे ना, तिळगुळाच्या वड्या जास्त आहेत."

ती आली. मोरपंखी साडी नेसून, थोडी उशिराच. दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. हळदीकुंकू घेताना हात थरथरत होता. वाण म्हणून या वेळी आम्ही स्टीलचे चहाचे गाळणे दिले होते, ते धाकटीने लगेच पिशवीत टाकलं. गाणी झाली, उखाणे झाले. तिला कोणी उखाण्याचा आग्रह केला नाही आणि मलाही तो करवला नाही. खरं सांगते, ते चुकलंच माझं.

जाताना चपला घालता घालता ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, शुक्रवारचा नंबर लागला का हो?"

मी मोबाईल काढून बघितलं. लागला होता. सकाळी साडेअकराचा.